वजन

कोल्हापूरच्या हॉटेलात दोन दिवस शिकवलं:
दारातून आत शिराल तेव्हा खोलीला कळलं पाहिजे.
खांदे मागे. हनुवटी जमिनीला समांतर.
बोलण्याआधी मनात तीन आकडे मोजा.
"मला वाटतं" हे शब्द आजपासून विसरा.
टाय लावलेला, माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा मुलगा
सगळ्यांदेखत म्हणाला,
मॅडम, तुमचं वजन जाणवत नाही.

मी अकरा वर्षं वजनच करत होते.
वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीला पाठ करून उभ्या
वालावलकरांच्या काजू फॅक्टरीत, काट्याजवळच्या स्टुलावर.
दुर्पदी गावडे, सहा किलो दोनशे.
कार्मेलीन फर्नांडिस, सात किलो शंभर.
आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा, पुढची.
तेव्हा माझं नाव होतं काट्यावरची पोरगी.

परतताना आंबोलीच्या वळणांवर
एसटीच्या काचेत हनुवटी समांतर धरून पाहिली.
प्रत्येक वळणाला ती दरीकडे कलली.

सोमवारी शेडमध्ये शिरले. नवी मॅनेजर.
बासष्ट बायका, हाताला एरंडेल आणि राख,
टरफलाच्या तेलाने जळालेली बोटं.
मी तीन आकडे मोजले.
"आजपासून," म्हणाले, आणि पुन्हा तीन.
दुर्पदीने यंत्राचा दांडा हवेतच थांबवला,
"तुका बरा नाय काय गे?"
शेडभर हसू फुटलं.
तेव्हा काय करायचं ते टायवाल्याने सांगितलं नव्हतं.

केबिनमध्ये सामंतांची खुर्ची. सहा फुटी माणूस होता तो.
खोकला तरी टेबलावरचे कागद सरळ व्हायचे.
माझे पाय जमिनीला टेकेनात.
काजूगराचा रिकामा डबा घेतला पायांखाली.

गुरुवारी कार्मेलीन दारात आली, आत नाही आली.
"काटो खाता गे," म्हणाली, "पोटभर खाता."
हे मी आधीही ऐकलं होतं. दरवर्षी कुणीतरी म्हणायचं,
आणि मी म्हणायचे, यंत्र कसं खोटं बोलेल?
सामंत खोकायचे.

या वेळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून
सरकारी शिक्क्याचं पाच किलोचं लोखंड मागवलं.
सगळ्यांना उठायला सांगितलं. उठल्या.
ठेवलं काट्यावर.
चार किलो नऊशे वीस.

ऐंशी ग्रॅम. एक मूठ गर.
रोज, माणशी, किती वर्षांपासून कोण जाणे.
आणि वहीतलं प्रत्येक अक्षर माझं,
नीटस, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं.

मग मी बोलले. खांदे कुठे होते आठवत नाही.
हात एकमेकांत गुंतले होते, ओढणीचं टोक पिळत होते.
आवाज घशातच अडकला, मग एकदम मोठा निघाला.
म्हणाले, मला वाटतं
हे मी लिहिलंय, म्हणून मीच पुन्हा लिहीन.
वह्या सगळ्या माझ्याकडे आहेत.
किती मिळतील सांगत नाही. शेठ काय म्हणतील ठाऊक नाही.
पण उद्यापासून काटा दुसरा,
आणि हे लोखंड काट्याशेजारीच राहील.
वाटेल तिने वाटेल तेव्हा ठेवून बघावं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
खाडीवरून वारा आला, टरफलांचा धूर घेऊन.
शेवटी दुर्पदीने ते लोखंड दोन्ही हातांनी उचललं,
तान्हं मूल जोखावं तसं जरा वर-खाली केलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"अकरा वर्सां लागली तुका."
मग जागेवर जाऊन बसली. बाकीच्याही बसल्या.
दांडे पुन्हा खटखटू लागले.

आता केबिनमध्ये बसलेय. पाय डब्यावर.
पहिली वही उघडी आहे, पेन्सिल टोकदार आहे.
शेठना फोन लावलाय. रिंग जातेय.
मी आकडे मोजत नाहीये.